आधी ब्रेक, मग इंजिन

घोडेगावला आमच्या गोठ्याशेजारच्या पडवीत २००६ पासून एक फियाट ताडपत्रीखाली उभी होती. कागदावर ती प्रीमियर पद्मिनी, पण घरात तिला पद्मिनी कोणीच म्हणत नाही. आप्पांनी (माझे आजोबा) ती १९८४ साली घेतली. "मेकॅनिकलला हाईस ना? मग एवढी फियाट चालू करून दाव," हे वाक्य मी दर सुट्टीत ऐकायचो. थर्ड इयरच्या दिवाळीत चुलतभावाला हाताशी धरून ते मनावर घेतले.

नवी बॅटरी लावली, प्लग घासले, टाकी बाजूला ठेवून पेट्रोलची बाटली थेट पंपाला जोडली. पाचव्या-सहाव्या सेल्फला इंजिन धडधडले. सगळे घर ओट्यावर जमले. मग मी शहाण्याने गाडी पडवीतून बाहेर काढली. आमच्या अंगणाला बराच उतार आहे. ब्रेक दाबला तर पेडल आधी चांगले कडक लागले, गाडी किंचित अडली, आणि लगेच पाय सरळ तळाला गेला. हँडब्रेकची केबल गंजून धरलेली. गाडी पेंढ्याच्या गंजीत घुसून थांबली. थोड्याच वेळापूर्वी त्या गंजीपाशी माझी सहा वर्षांची पुतणी खेळत होती.

आप्पा ओरडले नाहीत. त्यांनी चावी काढून बंडीच्या खिशात टाकली. "आधी थांबवून दाव. मग चावी मिळल."

मित्रांनो, आधी कडक लागलेले पेडल नंतर खाली का गेले, हे कळायला मला फ्लुइड मेकॅनिक्सची वही पुन्हा उघडावी लागली. पास्कलचा नियम आपण व्हायव्हात घडाघडा म्हणतो. पेडल दाबले की मास्टर सिलिंडरमधले तेल दाबले जाते, तोच दाब चारही चाकांच्या व्हील सिलिंडरपर्यंत जातो, पिस्टन बाहेर सरकतात आणि ब्रेक शू ड्रमला भिडतात. आमच्या गाडीत चारही चाकांना मिळून तेलाचा एकच मार्ग. कुठेही एका जागी गळती झाली की चारही ब्रेक गेले.

आता ब्रेक ऑइलचा गुण असा, की ते हवेतली ओल शोषून घेते. आंबेगावच्या पश्चिम पट्ट्यातला पावसाळा ज्याने पाहिलाय त्याला जास्त सांगायला नको. ती ओल सिलिंडरच्या तळाशी बसते, आतून गंज धरतो, रबरी वॉशर कडक होऊन तिथेच चिकटतात. एवढ्या वर्षांनी एकदम जोर दिला की वॉशर गंजाच्या खरबरीत भागावरून सरकतो आणि त्याची कड फाटते. म्हणजे पहिला ब्रेक लागतो, दुसरा लागत नाही. पडवीत उभ्या उभ्या पेडल दाबून "ब्रेक ठीक आहे" म्हणणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवावे. मीही तसेच म्हटले होते.

चारही ड्रम उतरवले. (जुन्या लायनरमध्ये ॲस्बेस्टॉस असू शकते. ती धूळ फुंकू नका, ओल्या फडक्याने पुसा.) आठपैकी तीन पिस्टन पूर्ण जाम. सिलिंडरला हलका गंज असेल तर बारीक पॉलिश पेपरने गोलाकार घासून चालतो. नखाला खड्डा लागला तर सिलिंडर बदलायचाच, तिथे कंजूषी नाही. वॉशर पेट्रोलने किंवा इंजिन ऑइलने धुवायचे नाहीत, रबर फुगते. माझा पहिला सेट असाच वाया गेला. ब्रेक ऑइलनेच धुवायचे. ते रंगावर सांडले तर रंगही उडतो. आमच्या मडगार्डवर तसा एक नकाशा झालाय.

सुटे भाग मंचर, नारायणगावला मिळाले नाहीत. पुण्यात नाना पेठेत दोन चकरा मारल्यावर किट मिळाले. कुर्ल्याच्या कारखान्यातले या गाडीचे उत्पादन २००१ च्या सुमारास थांबले आणि मुंबईची शेवटची पद्मिनी टॅक्सी ऑक्टोबर २०२३ मध्ये रस्त्यावरून गेली. त्यामुळे गिऱ्हाईक कमी, मालही कमी. रबरी होज मात्र तिन्ही नवे घेतले.

मग हवा काढणे. तेल दाबले जात नाही, हवा दाबली जाते, म्हणून पेडल स्पंजासारखे लागते. मास्टर सिलिंडरपासून सर्वांत लांबच्या चाकापासून सुरुवात. निपलला नळी लावून तिचे टोक ब्रेक ऑइलच्या बाटलीत बुडवायचे. एकाने पेडल दाबून धरायचे, दुसऱ्याने निपल उघडायचा, बुडबुडे आले की बंद करायचा, आणि त्यानंतरच पेडल सोडायचे. हा क्रम चुकला की हवा परत आत. भावाने तो तीनदा चुकवला, मी दोनदा.

इंजिनचे काम त्या मानाने सोपे होते. खरे तर सेल्फ मारण्याआधीच प्लगच्या भोकांतून थोडे ऑइल सोडून दोन दिवस थांबायचे आणि टॉप गिअर टाकून गाडी हाताने पुढे-मागे ढकलायची, म्हणजे रिंगा सुटतात. आमचे इंजिन वाचले ते नशीब. टाकीत तांबडा चिखल निघाला, कार्बुरेटरचे जेट डिंकासारख्या थराने बुजलेले. पेट्रोलच्या नळ्या आणि पंपाचा डायफ्रॅम बदलताना इथेनॉलला टिकणारे रबरच मागा, कारण आता पंपावर २० टक्के इथेनॉलचे पेट्रोल मिळते आणि जुने रबर त्यात टिकत नाही.

कागदपत्रे अजून बाकी आहेत. ५० वर्षांपुढच्या गाड्यांसाठी २०२१ पासून वेगळी व्हिंटेज नोंदणी आहे, पण आमची त्यात बसत नाही. तिला नेहमीसारखी फिटनेस तपासणी करून नोंदणीचे नूतनीकरण करावे लागेल. तोवर ती अंगणातच.

मे महिन्यात आप्पा स्वतः शेजारी बसले. इंजिन बंद, गिअर न्यूट्रल, चाकांपुढे दगड लांबवर ठेवलेले, पुतणी ओट्यावर आजीच्या मांडीत. उतारावर तीनदा सोडली, तीनदा थांबली. गाडी अजून किंचित डावीकडे ओढते. आप्पांनी बंडीतून चावी काढून माझ्या हातावर ठेवली आणि म्हणाले, "डावं चाक परत खोल."