सुईच्या आधी कागद

लोणंद, ता. खंडाळा, जि. सातारा

चि. सौ. मृणाल,

तुझं पत्र ताईनं मला वाचायला दिलं. ‘मामाला दाखव, त्याला यातलं कळतं’ असं तूच लिहिलं होतंस, म्हणून संकोच बाजूला ठेवून लिहितो. चौतिसावं वर्ष, बीजांचा साठा दाखवणाऱ्या रक्ततपासणीत ए.एम.एच. कमी आलेलं, अभिजितरावांची म्युनिकमधली नोकरी अजून तीन-चार वर्षं, त्यानंतर पुण्याला परत यायचा बेत, आणि तोवर प्रागच्या क्लिनिकमध्ये भ्रूण गोठवून ठेवायचा विचार. तुम्ही दोघांनी हा विषय वेळेवर आणि मिळून काढलात, याचं मला मनापासून बरं वाटलं. घरात कुणी नाक मुरडलं तर त्यांच्याशी मी बोलेन, तू त्यात पडू नकोस.

माझं म्हणणं एकच आहे आणि ते आधीच सांगून टाकतो. गोठवणं ही यातली सोपी बाजू आहे. भ्रूण कुठल्या देशात राहणार, तिथून ते हलवता येणार का आणि त्यांच्यावर शेवटचा शब्द कुणाचा, हे कागदावर हातात आल्याशिवाय पहिली सुई टोचून घेऊ नकोस.

माझी सगळी नोकरी जनावरांच्या दवाखान्यात गेली. गाईगुरांचा दाखला देतोय म्हणून वाईट वाटून घेऊ नकोस. द्रवरूप नायट्रोजन उणे १९६ अंशांवर असतो, तो गाईसाठी वेगळा आणि माणसासाठी वेगळा नसतो. लहानपणी सुट्टीत आलीस की दवाखान्याच्या कोपऱ्यातल्या त्या ॲल्युमिनियमच्या पात्राभोवती घुटमळायचीस. झाकण काढलं की पांढरा धूर जमिनीवर उतरायचा. आम्ही त्यात पट्टी बुडवून बाहेर काढायचो, हवेत हलवायचो, आणि पट्टीवर जिथवर पांढरं दव धरायचं तिथवर नायट्रोजन आहे असं समजायचो. वळूच्या गोठवलेल्या वीर्याची कांडी उचलतानाही डबी पात्राच्या गळ्याच्या वर येऊ द्यायची नाही, शोधाशोध आतल्या आत करायची. थंडावा काही क्षण जरी तुटला तरी आतला माल गेला; वरून कांडी तशीच दिसते, आणि नुकसान कळतं ते गाय पुन्हा माजावर आली की. म्हणून मी हाताखालच्या पोरांना सांगायचो, यंत्र बिघडत नाही, पट्टी बुडवणारा माणूस कंटाळतो.

४ मार्च २०१८ या एकाच दिवशी अमेरिकेत दोन वेगवेगळ्या ठिकाणी, क्लीव्हलँडला आणि सॅन फ्रान्सिस्कोला, असे टँक बिघडले. क्लीव्हलँडला चार हजारांहून जास्त स्त्रीबीजं आणि भ्रूण गेले. तिथला दूरवर इशारा देणारा अलार्म बंद होता. तेव्हा प्रागच्या लोकांना स्वच्छ विचार: नायट्रोजन कोण भरतं, पातळीची नोंद रोज होते का, रात्री अलार्म वाजला तर कुणाचा फोन वाजतो, आणि आमचे भ्रूण दोन वेगळ्या टँकमध्ये विभागून ठेवाल का? सफेद कोट घातलेल्या माणसाला असं विचारायला आपल्याकडची मुलं लाजतात. तू लाजू नकोस. चांगल्या लॅबवाल्याला हा प्रश्न आवडतो.

या विद्येवर माझा पूर्ण विश्वास आहे, हेही सांगतो. कोलकात्याच्या डॉ. सुभाष मुखोपाध्याय यांनी आठ पेशींचा भ्रूण ५३ दिवस गोठवून ठेवला, मग तो आईच्या गर्भाशयात सोडला, आणि ३ ऑक्टोबर १९७८ ला दुर्गा जन्मली. जगातलं पहिलं टेस्ट ट्यूब बाळ, इंग्लंडची लुईस ब्राऊन, तिला तेव्हा अडीच महिनेही झाले नव्हते, आणि तिच्या वेळी इंग्रज डॉक्टरांनी गोठवलेला भ्रूण वापरला नव्हता. आपल्या माणसाला मात्र सरकारी समितीनं खोटं ठरवलं, आणि १९८१ मध्ये त्यांनी आत्महत्या केली. त्यांच्या वह्या वाचून त्यांना न्याय दिला तो डॉ. टी. सी. आनंदकुमार यांनी, १९९७ मध्ये. विशेष म्हणजे मुंबईच्या के.ई.एम.मध्ये डॉ. इंदिरा हिंदुजांबरोबर ६ ऑगस्ट १९८६ ला, तोवर देशातलं पहिलं टेस्ट ट्यूब बाळ मानल्या गेलेल्या हर्षा चावडाचा जन्म घडवून आणणारे हेच आनंदकुमार. देशातल्या पहिलेपणाचा मान आपणहून दुसऱ्याच्या पदरात घालणारा माणूस मला फार मोठा वाटतो.

आता मूळ मुद्दा. तुम्ही म्युनिक सोडून प्रागला का निघालात ते मला कळलं. जर्मनीचा १९९० चा भ्रूणसंरक्षण कायदा कडक आहे. एका पाळीत गर्भाशयात सोडायचे तेवढेच भ्रूण तयार करा, साठा करू नका, असा त्याचा रोख. म्हणून तिथं बहुधा भ्रूण होण्याच्या आधीच्या टप्प्यावर गोठवतात. शुक्रजंतू बीजात शिरलेला असतो, पण दोघांची केंद्रकं अजून एक झालेली नसतात. प्रागला पाच दिवस वाढवलेले भ्रूण ठेवता येतात आणि खर्चही कमी येतो. पण म्युनिकच्या डॉक्टरांना हा आधीच्या टप्प्यावर गोठवण्याचा पर्यायही नीट विचारून घे. घराजवळ असणं ही लहान गोष्ट नाही. दहा-बारा दिवसांच्या इंजेक्शनांनंतर कधी कधी बीजकोश सुजतात, पोटात पाणी होतं, दम लागतो. तेव्हा आपला डॉक्टर हाकेच्या अंतरावर हवा, सीमेपलीकडे नको.

आणि समजा चार वर्षांनी तुम्ही पुण्याला आलात. भ्रूण प्रागला. तेव्हा काय?

इथं आपला कायदा आडवा येतो. ऑक्टोबर २०१५ मध्ये केंद्र सरकारनं संशोधन सोडून इतर कामासाठी मानवी भ्रूणाची आयात बंद केली. परदेशी जोडप्यांच्या सरोगसीचा जो बाजार मुंबई-आणंदला भरला होता, तो मोडायला ते पाऊल होतं. पण त्यात आपली परदेशात राहणारी मुलंही सापडली. स्वतःचेच भ्रूण मायदेशी आणता यावेत म्हणून लोकांना मुंबई उच्च न्यायालयाची पायरी चढावी लागली. पुढं २०२१ चा सहायक प्रजनन तंत्रज्ञानाचा कायदा आला, जानेवारी २०२२ पासून लागू झाला. त्यात स्वतःच्या वापरासाठी स्वतःची बीजं किंवा भ्रूण हलवायला राष्ट्रीय मंडळाच्या परवानगीची सोय ठेवली आहे. पण परवानगी लागते याचा अर्थ ती नाकारताही येते. त्या भरवशावर तू आपलं लेकरू परमुलखात ठेवावंस असं मला वाटत नाही. परवानगी मिळाली नाही तर तुला पुण्याहून शेंगेन व्हिसा काढून, रजा घेऊन, गोळ्या-इंजेक्शनं सांभाळत प्रागला जावं लागेल, आणि पहिल्या खेपेला राहिलं नाही तर पुन्हा. आज म्युनिकहून तुम्ही गाडीत बसून जाता, तेव्हा ते सोपं वाटतं. व्हिसाचा शिक्का बदलला की तेच अंतर बदलतं.

माझा कौल असा आहे. परत यायचं खरोखर ठरलं असेल तर हे काम पुण्यातच करा. एक लांब रजा काढा, ताईकडे राहा, मी आहे. आपल्या कायद्यात भ्रूण दहा वर्षं ठेवता येतात, आणि बाईला पन्नाशीपर्यंत उपचार घेता येतात. तुमच्या हिशेबाला ते पुरेसं आहे. परत यायचं नक्की नसेल तर मात्र युरोपातच ठेवा, पण मग मूलही तिथंच होऊ द्या. पुण्याची नोकरी त्यानंतर बघा. एक पाय इथं आणि भ्रूण तिथं, असं करू नका. आणि क्लिनिक पुण्याचं असलं तरी नोंदणीचं प्रमाणपत्र भिंतीवर बघितल्याशिवाय खुर्चीत बसू नका, कारण या कायद्यानं ती नोंदणी सक्तीची केली आहे.

संमतीपत्राबद्दल एक कडू गोष्ट लिहितो. इंग्लंडच्या नताली एव्हन्स नावाच्या बाईनं कर्करोगपूर्व गाठींमुळं बीजकोश काढण्याआधी जोडीदाराबरोबर भ्रूण गोठवले होते. पुढं दोघं वेगळे झाले, त्यानं संमती काढून घेतली. ती युरोपच्या मानवी हक्क न्यायालयापर्यंत गेली आणि २००७ मध्ये हरली. भ्रूण नष्ट करावे लागले. अभिजितरावांवर माझा तुझ्याइतकाच जीव आहे, हे ते जाणतात. पण दोघांपैकी एक गेला तर, दोघं वेगळे झाले तर, भाडं थकलं तर, क्लिनिक दुसऱ्यानं विकत घेतलं तर, या प्रत्येक ओळीपुढं काय लिहिलंय ते दोघांनी शेजारी बसून वाचा. चेक भाषेतल्या कागदावर सही करू नका. इंग्रजी प्रत मागा, आणि ‘मतभेद झाल्यास कुठली प्रत धरायची’ तेही त्यात हवं.

आणखी एक, आणि यात मी तडजोड करणार नाही. भ्रूणाची जनुकीय तपासणी केली की मुलगा की मुलगी ते कळतं. तुझ्या सासरकडून ‘पहिला मुलगाच बघून घ्या, परदेशात चालतं’ असं कुणी सुचवलं, तर ठाम नाही म्हण. चेक प्रजासत्ताकातही लिंगाशी जोडलेल्या गंभीर आजाराशिवाय तशी निवड करता येत नाही, आणि आपल्याकडे २००३ पासून गर्भधारणेआधीच्या लिंगनिवडीलाही बंदी आहे. पण कायदा राहू दे. ज्या जिल्ह्यात २०११ मध्ये ‘नकुशा’ नावाच्या शेकडो मुलींची नावं समारंभ करून बदलावी लागली, तो आपला जिल्हा आहे. ज्या वर्षा देशपांडेंनी बनावट गिऱ्हाईकं पाठवून लिंग तपासणारे डॉक्टर पकडून दिले, त्याही साताऱ्याच्याच. या मातीतली मुलगी तू, तुझ्याकडून ते काम होता कामा नये.

आता मनाची तयारी. एक भ्रूण म्हणजे एक मूल, असा हिशेब करू नकोस. गोठवलेले बहुतेक भ्रूण आता सुखरूप वितळतात, पण रुजतातच असं नाही. गोठवल्यानं भ्रूणाचं वय थांबतं, तुझं थांबत नाही; चाळिशीतल्या बाळंतपणाचा रक्तदाब, साखर ही वेगळी दुखणी असतात. म्हणून तीन-चार वर्षांचा वायदा पाच-सहावर जाऊ देऊ नकोस. नोकऱ्या पुन्हा मिळतात.

आषाढात माउलींची पालखी लोणंदला मुक्कामाला येते, घर पाहुण्यांनी भरतं, आणि दरवर्षी कुणी ना कुणी ताईला विचारतंच, ‘मृणालचं काय?’ ताई कासावीस होते. तिला मी सांगितलंय की चहा दे आणि विषय बदल. तूही कुणाला खुलासे देत बसू नकोस.

आणि यातून काही निष्पन्न झालंच नाही तरी तुझं आयुष्य अपुरं ठरत नाही. सावित्रीबाई आपल्याच तालुक्यातल्या, नायगावच्या. त्यांना पोटचं मूल नव्हतं. एका विधवेचा मुलगा, यशवंत, त्यांनी दत्तक घेतला, त्याला डॉक्टर केलं, आणि १८९७ च्या प्लेगमध्ये त्याच्या दवाखान्यात रोग्यांची सेवा करताना त्या गेल्या. त्यांना आई म्हणताना आपल्यापैकी कुणाची जीभ अडखळत नाही.

प्रागचा करारनामा आला की सही करण्याआधी त्याची प्रत मला पाठव. साताऱ्यात माझ्या ओळखीच्या वकीलबाई आहेत, त्यांच्याकडून ओळ न् ओळ वाचून घेतो. आणि इंजेक्शनांची तारीख तोवर धरू नकोस. अभिजितरावांना आशीर्वाद.

तुझा,
मामा