लग्नाच्या याद्या आणि कायदा

गिरगाव असो वा लालबाग, मराठी कुटुंबात विवाह निश्चित झाला की वडीलधाऱ्यांच्या साक्षीने याद्या होतात. खर्च कोणी करावा, दागिने किती घालावेत, मानपान कोणते, हे लिहून उभय पक्ष सह्या करतात. राहते घर कोणाच्या नावे राहील, संसार मोडल्यास पत्नीच्या निर्वाहाचे काय, याचा उल्लेख मात्र त्या कागदावर सहसा नसतो.

बोलणी आणि कायदा यांतील अंतर मुंबईने पूर्वीच अनुभवले आहे. रखमाबाईंचा विवाह अकराव्या वर्षी झाला, तेव्हा वर दादाजी भिकाजी यांनी घरजावई राहून शिक्षण घ्यावे असे ठरले होते. ते घडले नाही. १८८४ मध्ये दादाजींनी वैवाहिक हक्कांसाठी दावा लावला आणि १८८७ मध्ये रखमाबाईंना नांदावयास जाण्याचा, अन्यथा सहा महिने कारावासाचा आदेश झाला. १८८८ मध्ये दोन हजार रुपये देऊन सुटका झाल्यावर त्या इंग्लंडला जाऊन डॉक्टर झाल्या.

आजही विवाहपूर्व करारास सरसकट मान्यता नाही. करारविषयक १८७२ च्या अधिनियमाच्या कलम २३ अन्वये सार्वजनिक धोरणाविरुद्धचा करार निरर्थक ठरतो. ‘पोटगी मागणार नाही’ असे वधूने लिहून दिले, तरी तिचा कायदेशीर हक्क बुडत नाही. हुंड्याचा करार तर १९६१ च्या अधिनियमानेच रद्दबातल ठरविला आहे. मुस्लिम विवाहात मात्र मेहेर व अटी निकाहनाम्यात नमूद करता येतात. गोव्यात पोर्तुगीज काळापासूनच्या नागरी कायद्यानुसार वधूवरांना मालमत्तेविषयी विवाहापूर्वी रीतसर लेख करता येतो. तो नसल्यास मालमत्ता सामाईक मानली जाते.

मुंबईतील वधूवरांना काय करता येईल? घर दोघांचे व्हावयाचे असेल, तर खरेदीखत दोघांच्या नावे नोंदवावे; तोंडी शब्दाने मालकी मिळत नाही. परळच्या चाळीतील खोली सासऱ्यांच्या नावे असली, तरी कौटुंबिक हिंसाचारापासून संरक्षण देणाऱ्या २००५ च्या अधिनियमानुसार, सुनेचे वास्तव्य तेथे सामाईक कुटुंबातील असल्यास तिला निवासाचा हक्क मागता येतो. सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये हे स्पष्ट केले आहे.

विवाहात मिळालेल्या भेटवस्तूंची यादी ठेवण्याचे नियम १९८५ पासून आहेत. वस्तूचे वर्णन, अंदाजे किंमत, देणाऱ्याचे नाव व नाते तीत लिहावे लागते. वडीलधाऱ्यांच्या यादीवर वधूची सही नसते. या यादीवर मात्र वधू आणि वर दोघांच्याही सह्या आवश्यक आहेत.