सहाण, शाई आणि जेडचा दगड

शिक्षक मित्रांनो, पालकांनो, 'दगड' शिकवताना आपण बेसाल्ट म्हणतो आणि पुढे सरकतो. या वेळी जरा लांबून सुरुवात करून बघा. मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात चिनी जेडच्या कोरीव वस्तू आहेत. सर रतन टाटा आणि सर दोराबजी टाटा यांच्या संग्रहांतून तिथे चिनी कलावस्तू आल्या.

जुन्या चीनमधल्या विद्वानाच्या मेजावर कुंचला, कागद, शाईची कांडी आणि ती उगाळायचा दगड हे असायचंच. मुलांना सांगायला सोपं आहे: आजी सहाणेवर गंध उगाळते ना, तशीच पाण्याचे थेंब टाकून शाई उगाळायची. जोडीला कुंचले ठेवायचं उभं भांडं, ते धुवायची वाटी, थेंबथेंब पाणी सोडणारी इवलीशी झारी, कागद उडू नये म्हणून वजन. श्रीमंताघरी या जोडीच्या वस्तू जेडच्याही असत.

आता खरी गंमत. आपण 'कोरीव' म्हणतो खरं, पण जेड छिन्नीने कोरलं जातच नाही! साध्या लोखंडी खिळ्याने त्यावर ओरखडा उठत नाही. कारागीर त्याहून कठीण दगडाची पूड पाण्यात कालवायचे आणि पायाने फिरवायच्या चाकावर जेड घासत बसायचे. दिवसचे दिवस.

हे वर्गात करता येतं. काळू किंवा भातसाच्या काठची गारगोटी आणा. तिच्यावर खिळा ओढला तर लोखंडाचीच रेघ उमटते. मग ओली वाळू घेऊन विटेचा तुकडा फरशीवर तासभर घासायला द्या, आधी-नंतर मोजपट्टीने मोजा. हात दुखतील, दुखू देत.

माझ्या वर्गात एकाने वडिलांच्या कामाचा रकाना कोराच ठेवला होता. वडील खाणीवर दगड फोडतात. त्या तासाला दगड कुठून फुटेल हे बाकीच्यांना तोच दाखवत होता. पुढच्या आठवड्यात रकाना भरलेला दिसला.

जेड घडवणाऱ्यांचीही बहुतेक नावं हरवली. सोळाव्या शतकातला सुझौचा लू झिगांग त्यातला अपवाद. त्याचं नाव वस्तूंवर कोरलेलं सापडतं.

सहल काढायची तर शहापूरकरांना आसनगावहून लोकल, मुरबाडकरांनी एसटीने कल्याण गाठावं. सगळं दालन पळत दाखवू नका. प्रत्येकाला एकच वस्तू निवडू द्या, तिचं चित्र काढू द्या आणि खाली लिहू द्या: ही घासायला कोणती हत्यारं लागली असतील?