पहिली पुल रिक्वेस्ट पाठवण्याआधी

मुक्तस्रोत प्रकल्पांत कोड लिहिणारे पुष्कळ मिळतात. आलेला कोड वाचून तपासणारे मिळत नाहीत. भिलाईत राहून, नोकरी सांभाळून मी मराठीच्या एका छोट्या प्रकल्पात तपासणी करतो, म्हणून हे ठामपणे सांगतो.

ऑक्टोबर २०२० मध्ये हॅक्टोबरफेस्ट या मुक्तस्रोताच्या ऑनलाइन महोत्सवात चार पुल रिक्वेस्ट, म्हणजे कोडमधल्या बदलाचे प्रस्ताव, पाठवणाऱ्याला टी-शर्ट मिळणार होता. प्रकल्पाची ओळख करून देणाऱ्या रीडमी फाइलीत एखादं विशेषण घुसडलेल्या रिक्वेस्टचा जगभर पूर आला. शेवटी, ज्या प्रकल्पांनी सहभागाला होकार दिलाय त्यांच्याच रिक्वेस्ट मोजायच्या, असा नियम आयोजकांना ऐन महोत्सवात करावा लागला. २०२४ मध्ये एक्सप्रेस या जावास्क्रिप्टच्या प्रकल्पाच्या रीडमीत स्वतःचं नाव लिहून पाठवणाऱ्यांची रांग लागली, आणि त्यात आपल्याकडची मुलं भरपूर होती. आमच्याकडे यंत्राने केलेली भाषांतरं गठ्ठ्याने आली. फाइलीचं नाव जिथे भरलं जातं, ती टक्क्याची खूणच त्यांत पुसली गेली होती. ते निस्तरता निस्तरता आमच्यातला सगळ्यात जाणता तपासनीस वैतागून सोडून गेला. त्याची जागा अजून भरलेली नाही.

दुर्ग-भिलाईच्या कॉलेजांतली मुलं विचारतात, "काका, सुरुवात कुठून करू?" जे सॉफ्टवेअर रोज वापरता तिथून करा. एका मुलीला आईने टाइप केलेल्या मजकुरात 'दुसऱ्या' हा शब्द शोधूनही सापडेना. डोळ्यांना तर दिसत होता. त्यातला अर्धा र दोन रीतींनी साठवता येतो: नुक्त्याचा ऱ आणि हलन्त, किंवा साधा र, हलन्त आणि न दिसणारं जोडचिन्ह. पडद्यावर दोन्ही सारखेच, संगणकाच्या लेखी वेगळे. हिंदीत हा र वापरतच नाहीत, त्यामुळे इथल्या हिंदीभाषक मित्रांना ही अडचण कधी येत नाही. तिने दोन्ही नमुने, कीबोर्ड, सॉफ्टवेअरची आवृत्ती आणि काय व्हायला हवं होतं, एवढंच नेमकं लिहून त्या प्रकल्पाला पाठवलं. कोडची एक ओळही नव्हती. दुरुस्ती झाल्यावर चाचणी तिच्याकडेच आली. मला विचाराल तर ती त्याच दिवशी डेव्हलपर झाली.

आधी जुन्या तक्रारी चाळा, तुम्हाला करायचंय ते काम कोणी हाती घेतलंय का विचारा, एका रिक्वेस्टमध्ये एकच बदल ठेवा. उत्तर आलं नाही म्हणून रोज आठवण करू नका. समोरचा माणूसही रात्री जेवणं उरकूनच बसतो.

मार्गदर्शक होऊ पाहणाऱ्यांनी एक्सझेड या फाइली आवळणाऱ्या सॉफ्टवेअरचं प्रकरण जरूर वाचावं. तो प्रकल्प एकच थकलेला स्वयंसेवक सांभाळत होता. त्याच्यावर सतत दबाव आणला गेला आणि वर्षानुवर्षं मदत करून विश्वास कमावलेल्या एकाच्या हाती अधिकार गेले. त्याने त्यात चोरदरवाजा बसवला. लॉगिनला अर्धा सेकंद जास्त का लागतोय, याचा छडा लावताना आंद्रेस फ्रॉइंड या डेव्हलपरना तो सापडला आणि २९ मार्च २०२४ रोजी त्यांनी तो उघड केला. म्हणून एकट्याने प्रकल्प अंगावर घेऊ नका, आठवड्याला किती वेळ देणार ते पहिल्याच दिवशी सांगा, आणि नवी आवृत्ती बाहेर पडण्याआधी दुसरी नजर फिरलीच पाहिजे असा नियम ठेवा.

नव्यांना एकच विनंती: स्वतःची पहिली रिक्वेस्ट पाठवण्याआधी दुसऱ्या कोणाची तरी उतरवून घ्या, आपल्या संगणकावर चालवा, आणि काय झालं ते तिच्याखाली लिहा. त्याला कोणाची परवानगी लागत नाही.