२१ चिंचोक्यांचा खेळ: शेवटापासून विचार करायला शिका

या आठवड्याच्या व्हिडिओत आपण चिंचोक्यांचा खेळ खेळलो. अनेकांना तो पुन्हा सावकाश वाचायचा असेल, म्हणून इथे सगळं पायरी-पायरीने लिहून देतोय. सोबत २१ चिंचोके घेऊन बसा. चिंचोके नसतील तर शेंगदाणे चालतील, पण खेळ संपेपर्यंत खायचे नाहीत!

वेरूळच्या २१ नंबरच्या लेणीत, म्हणजे रामेश्वर लेणीत, शंकर-पार्वती सारीपाट खेळत असल्याचं शिल्प आहे. २९ नंबरच्या लेणीतही हाच प्रसंग कोरलाय. पण सारीपाटात फासे असतात, म्हणजे नशीब आलंच. आपल्या खेळात फासे नाहीत, त्यामुळे हरलो तर नशिबाला दोष देता येणार नाही.

खेळाचे नियम

मध्ये २१ चिंचोके ठेवा. खेळणारे दोघं. आपल्या पाळीला १, २ किंवा ३ चिंचोके उचलायचे. शेवटचा चिंचोका जो उचलेल तो जिंकला.

आधी चार-पाच डाव खेळून बघा. तुम्ही शिकवणी घेत असाल तर मुलांना युक्ती लगेच सांगू नका. त्यांना हरू द्या, चिडू द्या. एखादा पोरगा आपणहून म्हणतो, "सर, चार उरले की मी हरतोच!" तिथून खरा तास सुरू होतो.

युक्ती कुठे आहे?

त्या पोराचं बरोबर आहे. समोर ४ उरले आणि पाळी तुमची, तर तुम्ही १ उचला, २ उचला, नाहीतर ३ उचला, बाकीचे सगळे समोरचा उचलणार. म्हणजे ४ वर अडकणारा हरतो. मग ८ वर? तुम्ही कितीही उचला, समोरचा तुम्हाला पुन्हा ४ वर आणतो. तसंच १२, १६ आणि २०.

म्हणून २१ असताना पहिली पाळी मागून घ्या, १ उचला आणि समोरच्याला २० वर बसवा. नंतर त्याने १ उचलला तर तुम्ही ३, त्याने २ तर तुम्ही २, त्याने ३ तर तुम्ही १. दरवेळी बेरीज ४. तुमची हार शक्यच नाही.

बघा, आपण २१ पासून पुढे विचार केलाच नाही. शेवटापासून मागे आलो. वेरूळचं कैलास लेणं बघताना मला हेच आठवतं. आठव्या शतकात राष्ट्रकूट राजा पहिला कृष्ण याच्या काळात अखंड खडक वरून खाली कोरत आणला. आधी कळस, मग पाया. शेवटी काय उरायला हवं हे आधीच ठरलेलं असल्याशिवाय असं काम जमत नाही, कारण काढलेला दगड परत चिकटवता येत नाही.

आता नियम उलटा करा

तोच खेळ, पण शेवटचा चिंचोका उचलणारा हरतो. आता ५, ९, १३, १७ आणि २१ हे आकडे अडचणीचे झाले. म्हणजे २१ असताना पहिली पाळी घेणाराच फसतो! नियमातला एक शब्द बदलला आणि सगळी चाल फिरली.

धंद्यातही हेच होतं. मी सुरुवातीला हार-फुलांचा स्टॉल लावला तेव्हा एकच विचार होता: माल कमी पडता कामा नये. संध्याकाळी शिल्लक हार घेऊन घरी आलो तेव्हा कळलं, नाशवंत मालात शेवटचा नग ज्याच्या हातात राहतो तो हरतो.

हिशोब करू. समजा, श्रावणी सोमवारी तुम्ही घृष्णेश्वराजवळ हार विकताय. खरेदी १२ रुपये, विक्री २० रुपये.

- १०० हार घेतले, गुंतवणूक १२०० रुपये. ६० हार विकेपर्यंत फक्त मुद्दल सुटतं. नफा ६१व्या हारापासून.
- ८० विकले तर १६०० आले, नफा ४०० रुपये.
- पण ८०च घेतले असते आणि सगळे विकले असते, तर नफा ६४० रुपये.

२० शिल्लक हारांनी २४० रुपये खाल्ले. माल उधारीवर आणला असेल तर हे पैसे पुढच्या सोमवारच्या खरेदीतून जातात. म्हणून संध्याकाळपासून मागे या: अंधार पडताना शून्य हवेत, तर ६ वाजता किती? ४ वाजता किती? ठरलेल्या आकड्यापेक्षा जास्त उरले की "३० ला दोन" सुरू करा. नगाला १५ मिळतात, तरी ३ रुपये सुटतातच.

एक कोडं घरी करायला

देवळालीचे शाळाशिक्षक द. रा. कापरेकर यांनी शोधलेली गंमत. चार अंक घ्या, सगळे सारखे नकोत. त्यांची मोठ्यात मोठी संख्या करा, तिच्यातून लहानात लहान वजा करा. उत्तरावर पुन्हा तेच.

३५२४ घेऊ: ५४३२ – २३४५ = ३०८७. मग ८७३० – ०३७८ = ८३५२. मग ८५३२ – २३५८ = ६१७४. पुढे कितीही वेळा करा, ६१७४ च येणार. सुरुवात कुठूनही करा, जास्तीत जास्त ७ पायऱ्यांत तिथेच पोहोचता.

यातून काय घ्यायचं? रोजची सवय एकच असेल तर सुरुवातीचं भांडवल कितीही असो, मुक्काम ठरलेला असतो. गल्ल्यातले पैसे न मोजता घरखर्चाला उचलायची सवय असेल, तर दहा हजाराने सुरू करा नाहीतर लाखाने, मुक्काम शून्यच.

गृहपाठ: एक, तीन अंक घेऊन हीच वजाबाकी करा आणि कोणत्या संख्येवर थांबता ते बघा. दोन, तुमच्या धंद्याबद्दल वहीत एकच ओळ लिहा: "माझ्या खेळात शेवटचा नग उचलणारा जिंकतो की हरतो?" याचं उत्तर मिळाल्याशिवाय पुढची खरेदी करू नका.

भेटू पुढच्या व्हिडिओत!