ट्रॅक्टरची बॅटरी आणि आपला उन्हाळा

उसाची वाहतूक आटोपली की ट्रॅक्टर उभा राहतो, तो चिखलणीलाच हलतो. मधे आपल्या गोंदियाचा मे महिना, त्यात नवतपा. मग ऐन मृगात स्टार्टर कुरकुरतो. लोक म्हणतात, थंडीत बॅटरी बसते. बसते खरी, पण तिचे आयुष्य खाते ती उष्णता. उन्हाने आतले पाणी उडते, आणि नुसती उभी असली तरी बॅटरी उतरत जाते. उतरलेली तशीच पडून राहिली तर शिशाच्या प्लेटांवर कठीण पांढरट थर धरतो. पुढे कितीही चार्ज करा, ती पूर्वीसारखी होत नाही.

म्हणून महिन्यातून एकदा बुचे उघडून पाहावीत. प्लेटा बुडालेल्या हव्यात. कमी वाटले तर डिस्टिल्ड वॉटरच घालावे. विहिरीच्या पाण्यात क्षार असतात. ॲसिडही घालू नये. उडते ते पाणी, ॲसिड नव्हे. भरलेली १२ व्होल्टची बॅटरी स्थिर असताना १२.६ च्या आसपास दाखवते, १२.४ च्या खाली गेली की चार्जिंगला द्यावी. वायरी काढताना आधी चॅसीची ऋण, मग धन, जोडताना उलट. चार्जिंगच्या वेळी हायड्रोजन निघतो, तो भडकतो. तेथे बिडी ओढणाऱ्यास काय म्हणावे!

नवी घेताना पुस्तिकेत दिलेलेच अँपिअर-अवर घ्यावे, तयार झाल्याचा महिना पाहावा, आणि जुनी दुकानदारालाच परत द्यावी. बहुधा किमतीत सूट मिळते.