हवा ढकलते, चुंबक झडप उघडतो

व्हिडिओ पाहून मुलं विचारतात, "सर, विद्युतचुंबक आणि दाबलेली हवा वापरून लाँचर बनवूया?" नुसतं 'नको' म्हटलं की प्रश्न तिथेच संपतो. त्यापेक्षा दोघांची कामं वेगवेगळी करून दाखवूया.

चुंबकाचं काम : विजेमुळे होकायंत्राची सुई हलते, हे ओर्स्टेड यांनी 1820 मध्ये दाखवलं. रिकाम्या पेनच्या नळीवर इनॅमलची तांब्याची तार 200 वेढे गुंडाळा. टोकं पॉलिश पेपरने घासा. नळीत बारीक खिळा अर्धा सरकवून तार दोन सेलना क्षणभर जोडा. खिळा आत ओढला जातो.

हवेचं काम : रिकाम्या प्लास्टिक बाटलीला सायकलच्या ट्यूबने नळी जोडा. नळीवर कागदी रॉकेट बसवा. बाटलीवर पाय मारा, रॉकेट उडतं!

आता दोन्ही जोडा. वॉशिंग मशीनमधला सोलेनॉइड व्हॉल्व्ह आठवा. तिथे चुंबक फक्त झडप उघडतो, जोर नळाच्या पाण्याचा असतो. अशा लाँचरमध्येही ऊर्जा हवेत साठते, चुंबक तिला वाट देतो.

पालकांनो, दोन गोष्टी मात्र घरी नकोतच. पीव्हीसी पाइपात पंपाने हवा भरू नये. तो फुटला तर धारदार तुकडे उडतात. कॅमेऱ्याच्या फ्लॅशमधला कपॅसिटर सेल काढल्यावरही जोरदार झटका देऊ शकतो. रॉकेट कुणाच्याही चेहऱ्याकडे रोखू नये.

मुलांना विचारा : बाटलीवर हळू पाय दिला तर रॉकेट तितकंच उंच जाईल का? का?